एका गोळीचा हिशेब

‘ठासणे’ हे क्रियापद मराठीत अजून रोजच्या वापरात आहे. आपण एखादे मत ठासून सांगतो, प्रवासाची बॅग ठासून भरतो. हे क्रियापद जिला अक्षरशः लागू पडते ती ठासणीची बंदूक मात्र बहुतेक वाचकांनी संग्रहालयातच पाहिलेली असते. अपवाद कोकणाचा. तिथे रानडुकरे आणि वानरे यांच्यापासून पिके राखण्यासाठी दिलेल्या परवान्यांवर अशा बंदुका अजून घरांत आहेत. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात आणि तेवढ्यापुरती त्यांची बातमी होते.

या बंदुकीची रीत सोपी, पण वेळखाऊ आहे. नळीच्या तोंडातून मोजून दारू ओतायची, तिच्यावर गोळी ठेवायची, गजाने ती तळापर्यंत ठासायची, मागच्या बाजूला टोपी चढवायची, नेम धरायचा आणि चाप ओढायचा. एक बार झाला की सगळे पुन्हा पहिल्यापासून. सरावलेल्या हातालाही त्यासाठी अर्धा-एक मिनिट लागते आणि हरीण तेवढा वेळ थांबत नाही. म्हणजे हाती असते ती एकच गोळी.

अमेरिकेत आजही लाखो माणसे दर वर्षी अशा बंदुका घेऊन हरणाच्या शिकारीला जातात. त्यांच्यात सर्वाधिक वाद होतो तो गोळीवरून. गोल घ्यावी की लांबट? शिशाची की तांब्याची? कापडात गुंडाळलेली की प्लॅस्टिकच्या खोळीतली? वरवर हा छंदिष्टांचा वाद वाटतो. खोलात गेले की दिसते, गोळीची निवड म्हणजे किती अंतरावरून मारायचे, जनावर किती वेळात मरणार आणि त्यानंतर त्याचे मांस कोण खाणार, या तीन प्रश्नांची उत्तरे आधीच देऊन ठेवणे होय.

मागास हत्यार, पण हंगाम वेगळा

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. त्यामुळे आपल्यासाठी हरणाची शिकार हा इतिहास तरी असतो किंवा गुन्हा तरी. अमेरिकेची कथा निराळी आहे. बाजारासाठी झालेल्या बेसुमार कत्तलीमुळे १९०० च्या सुमारास तिथली पांढऱ्या शेपटीची हरणे अंदाजे पाच लाखांच्या आसपास उरली होती. मांसाचा व्यापार थांबला, शिकारीला हंगाम आणि परवाने आले. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका आणि दारूगोळ्यावरच्या कराचा पैसा वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. आज त्या हरणांची संख्या अंदाजे तीन कोटींच्या घरात आहे. लांडगे बहुतेक भागांतून नाहीसे झालेले असल्यामुळे ही संख्या आटोक्यात ठेवण्याचे काम बऱ्याच अंशी शिकाऱ्यांकडे आले आहे.

परवाने मोजके आणि शिकारी पुष्कळ, अशी स्थिती अनेक ठिकाणी आहे. तेव्हा राज्यांनी एक तोडगा काढला. जो अवघड हत्यार वापरेल त्याला वेगळा, कमी गर्दीचा हंगाम द्यायचा. धनुष्यबाणाचा एक आणि ठासणीच्या बंदुकीचा एक. पेनसिल्व्हेनियाने १९७४ मध्ये चकमकीच्या बंदुकीचा हंगाम सुरू केला. या बंदुकीत टोपीही नसते. गारगोटी पोलादावर आपटते, ठिणगी कानातल्या रंजकीवर पडते आणि मग आतली दारू पेटते. नाताळनंतरच्या बर्फात ही रंजक दमट झाली तर बार फुसका जातो. तरीही माणसे हौसेने जातात.

हंगामाची सवलत अवघडपणासाठी आहे, हे मान्य केले की पुढचा प्रश्न अटळ ठरतो. हत्यार किती अवघड असायला हवे? या प्रश्नाचे उत्तर देताना कायद्याला शेवटी गोळीपर्यंत यावे लागले.

एक तोळा शिसे

सर्वांत जुनी गोळी गोल. अठराव्या शतकात पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन कारागिरांनी लांब नळीची रायफल घडवली. तिच्या नळीत आतून फिरते आटे कोरलेले असत. गोळी नळीपेक्षा किंचित लहान ओतायची, तुपकट केलेल्या कापडाच्या तुकड्यात बसवायची आणि ठासायची. कापड आट्यांत घट्ट धरते, गोळीला फिरकी देते आणि नळीबाहेर पडताच गळून जाते. फिरणारी गोळी सरळ जाते.

आज या कामासाठी सर्रास वापरली जाणारी नळी अर्ध्या इंचाची, म्हणजे ‘.५०’ मापाची असते. तिच्यातल्या शिशाच्या गोल गोळीचा व्यास .४९० इंच आणि वजन सुमारे १७७ ग्रेन. ग्रेन हे माप आपल्याला परके वाटते, पण जुना तोळा बरोबर १८० ग्रेनचा होता. म्हणजे ही गोळी जवळपास एक तोळ्याची. शिसे मऊ आणि शुद्ध हवे. ते चुलीवर वितळते, घरच्या साच्यात ओतता येते, ठासताना नळीला ओरखडे पाडत नाही आणि जनावराला लागल्यावर चपटे होऊन पसरते.

गोल गोळीचा दोष हवेत उघडा पडतो. चेंडू हा हवा कापण्यासाठी वाईट आकार आहे. भरपूर दारू घातली तर ही गोळी सेकंदाला सुमारे १९०० फूट वेगाने निघते, पण शंभर यार्डांवर पोचेपर्यंत तिचा वेग १२०० फुटांच्या आसपास उतरलेला असतो. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. त्यामुळे तिथे मूळ ऊर्जेचा जेमतेम दोन-पंचमांश भाग शिल्लक राहतो. म्हणून गोल गोळी वापरणारे जाणते शिकारी पंच्याहत्तर-शंभर यार्डांपलीकडे बार काढत नाहीत. गोळी निवडतानाच त्यांनी चालणे, वाट पाहणे आणि परत फिरणे निवडलेले असते.

निमाडातला अधिकारी

गोल गोळीची सर्वांत व्यवस्थित बाजू मांडणारा माणूस आपल्या शेजारचा होता. जेम्स फोर्सिथ हा बंगाल स्टाफ कोअरचा अधिकारी. सातपुड्यात त्याने वर्षे काढली आणि खानदेशाला लागून असलेल्या निमाडात प्रशासक म्हणून काम केले. ‘द हायलँड्स ऑफ सेंट्रल इंडिया’ हे त्याचे पुस्तक १८७१ मध्ये, तो तिशीतच वारला त्या वर्षी आले. त्याआधी, १८६० च्या दशकात, शिकारीच्या रायफली आणि त्यांच्या गोळ्या यांवर त्याने एक स्वतंत्र पुस्तक लिहिले होते.

तेव्हा युरोपात लांबट गोळीची लाट होती. फोर्सिथचे म्हणणे असे की सैनिकाला दूरचा पल्ला हवा असतो, पण मध्य भारतातल्या जंगलात सांबर दिसते तेच जवळून. तिथे जवळच्या अंतरात गोळीने सरळ जावे आणि रुंद जखम करावी. त्यासाठी नळी मोठी, दारू भरपूर, गोळी गोल आणि आट्यांचा फेरा अगदी संथ हवा. फेरा घाईचा असेल तर जोरदार दारूच्या धक्क्याने गोळी आटे सोडून निसटते. गोळाकाराच्या गणितातही त्याचा मुद्दा बसतो. व्यास दुप्पट केला की वजन आठपट होते. म्हणजे गोल गोळीला जड करायचे तर नळी रुंद करणे हाच मार्ग. अमेरिकेतले पारंपरिक बंदूक बनवणारे कारागीर या संथ आट्यांना आजही ‘फोर्सिथ रायफलिंग’ म्हणतात.

लांबट गोळी आणि डमडम

वजन वाढवण्याचा दुसरा मार्ग गोळी लांब करण्याचा. क्लोद-एतिएन मिनिए या फ्रेंच अधिकाऱ्याच्या नावाने १८४० च्या दशकाच्या अखेरीस जी गोळी प्रसिद्ध झाली ती टोकदार होती आणि तिचे बूड पोकळ होते. नळीपेक्षा लहान असल्याने ती सहज आत सरके. बार झाला की वायूच्या दाबाने बूड फुगून आट्यांत रुते. कापड नको, जोर लावणे नको. मिनिटाला दोन-तीन बार काढणारा प्रत्येक सैनिक आता दूरवर अचूक मारू शकत होता.

याच कुळातली गोळी १८५३ च्या नमुन्याच्या एनफिल्ड रायफलीसाठी कागदी काडतुसात भरलेली असे. काडतूस दातांनी फाडायचे, दारू ओतायची आणि वंगण लावलेल्या कागदासकट गोळी ठासायची. ते वंगण कशाच्या चरबीचे, या शंकेची कुजबुज जानेवारी १८५७ मध्ये कलकत्त्याजवळच्या डमडम येथे सुरू झाली. पुढचा इतिहास आपल्याला पाठ आहे. वरसईच्या विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’मध्येही ती काडतुसे येतात. गोळी नळीत नीट सरकावी म्हणून काहीतरी स्निग्ध लागतेच, हा ठासणीच्या बंदुकीचा साधा नियम त्या उठावाच्या मुळाशी होता. आजचे शिकारी त्यासाठी मधमाश्यांचे मेण आणि चरबी वापरतात. काळ्या दारूची राख नळीत चिकटते आणि वंगण ती मऊ ठेवते.

डमडमचे नाव गोळीच्या इतिहासात दुसऱ्यांदा येते ते १८९० च्या दशकात. तिथल्या कारखान्याने लागताच पसरणारी गोळी तयार केली. तिच्या जखमा इतक्या भयंकर होत्या की १८९९ च्या हेग परिषदेने अशा गोळ्या युद्धात निषिद्ध ठरवल्या. शिकारीचा कायदा नेमका उलटा आहे. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत हरणासाठी पसरणारी गोळीच वापरावी लागते. न पसरणारी वर्ज्य आहे. यात विसंगती दिसली तरी तर्क सरळ आहे. युद्धात शत्रूला लढण्यापुरते निकामी करणे पुरेसे मानले गेले. शिकारीत जखमी होऊन पळून गेलेले जनावर हा सर्वांत वाईट शेवट असतो. तिथे लवकर येणारे मरण हीच दया समजली जाते.

हरणाच्या शरीरात काय होते

हरणाच्या पुढच्या पायामागे हृदय आणि फुप्फुसे असतात. बाजूने पाहिले तर हे लक्ष्य साधारण आठ ते दहा इंच व्यासाचे, म्हणजे जेवणाच्या ताटाहून लहान असते. गोळी त्यातून गेली की रक्तदाब कोसळतो आणि जनावर काही सेकंदांत, बहुधा थोडे धावून, पडते. या जागी गोळीकडून दोन अपेक्षा असतात. ती पसरावी आणि शक्यतो आरपार जावी. पसरली तर जखम रुंद होते. आरपार गेली तर दोन्ही बाजूंनी रक्त सांडते आणि मागावर जाणाऱ्याला पडलेले जनावर सापडते. ठासणीच्या बंदुकीचा पांढरा धूर काही क्षण समोरचे सगळे झाकतो. हरीण कुठे गेले हे अनेकदा दिसतच नाही. म्हणून रक्ताच्या मागाला इथे जास्त महत्त्व.

या दोन अपेक्षा एकमेकींच्या आड येतात. फार पसरणारी गोळी आतच अडकते, न पसरणारी सुईसारखी निघून जाते. अर्ध्या इंचाच्या शिशाच्या गोळीला मात्र एक जन्मजात सोय आहे. आधुनिक रायफलीची बारीक गोळी पसरल्यावर जेवढी होते, जवळपास तेवढी ही मुळातच असते. दोन तोळ्यांची, म्हणजे ३७० ग्रेनच्या आसपासची लांबट शिशाची गोळी तर फारशी पसरली नाही तरी वजनाच्या जोरावर आरपार जाते. तिची किंमत खांद्याला बसणाऱ्या धक्क्यात आणि वाकड्या मार्गात मोजावी लागते. जड गोळी हळू निघते आणि लवकर खाली येते.

१९८५ मध्ये मिसूरी राज्यातल्या टोनी नाइट यांनी ‘एमके-८५’ ही रायफल आणली आणि हे गणित बदलले. तिच्यात टोपी दारूच्या थेट मागे, एका रेषेत बसते. त्यामुळे बार हमखास पेटतो. तिच्यासारख्या रायफलींबरोबर सॅबो रुळला. फ्रेंचमध्ये सॅबो म्हणजे लाकडी जोडा. इथे ती प्लॅस्टिकची खोळ असते. अर्ध्या इंचाच्या नळीत तिच्या आधाराने .४५ किंवा त्याहून किंचित बारीक गोळी बसवतात. ती टोकदार असते, वेगाने जाते आणि दीडशे-दोनशे यार्डांपर्यंत मारा करते. त्यावर दुर्बीण चढवली की ठासणीची बंदूक आणि आजची रायफल यांत ठासण्याखेरीज फारसा फरक उरत नाही.

यात एक सापळा आहे. सॅबोतल्या काही गोळ्या मुळात पिस्तुलासाठी घडवलेल्या असतात. पिस्तुलाच्या वेगाला नीट पसरणारी गोळी ठासणीच्या रायफलीतून जवळच्या हरणावर लागली तर फुटून जाऊ शकते. तीच दूरवर, वेग ओसरल्यावर, मुळीच पसरत नाही. प्रत्येक गोळीला तिच्या वेगाची एक पट्टी असते आणि शिकाऱ्याला आपले अंतर त्या पट्टीत ठेवावे लागते.

नळीचेही ऐकावे लागते. गोल गोळीला संथ आटे मानवतात, साठ-सहासष्ट इंचांत एक फेरा. सॅबो आणि लांब गोळीला अठ्ठावीस इंचांत एक फेरा लागतो. अठ्ठेचाळीस इंचांचा फेरा या दोहोंतली तडजोड आहे. चुकीची जोडी जमवली तर गोळी हवेत डगमगते आणि ताटाएवढे लक्ष्य चुकते. म्हणून निवडीचा क्रम असा लागतो. आधी राज्याचा कायदा पाहायचा, मग नळीचे आटे, मग आपल्या रानात हरीण किती अंतरावर दिसते ते. त्यानंतर दोन-तीन प्रकारच्या गोळ्या आणि दारूची मापे घेऊन चांदमारीवर बसायचे आणि कागदावरची भोके पाहायची. ज्या अंतरापर्यंत सगळी भोके ताटाच्या आत पडतात तो आपला पल्ला, डब्यावर काहीही छापलेले असो.

दोन कायद्यांच्या मध्ये

कोलोरॅडो राज्याने अवघडपणा कुठे संपतो याची रेषा गोळीवरच आखली आहे. तिथल्या ठासणीच्या हंगामात सॅबोला बंदी आहे, दुर्बिणीलाही. गोळीची लांबी व्यासाच्या दुपटीहून जास्त चालत नाही. हरणासाठी नळी किमान .४० मापाची हवी आणि .५० पर्यंतच्या नळीसाठी गोळीचे वजन किमान १७० ग्रेन हवे. म्हणजे आपली तोळाभर शिशाची गोल गोळी या नियमात नेमकी बसते. यामागची वृत्ती नवी नाही. शिकारीत जितकी यंत्रे वाढतील तितका तिचा सांस्कृतिक अर्थ कमी होईल, असा इशारा आल्डो लिओपोल्ड यांच्या १९४९ मध्ये आलेल्या ‘अ सँड काउंटी अल्मनॅक’ या पुस्तकात आहे. शिकाऱ्याने स्वतःला मर्यादा घालून घ्यावी, एवढाच त्याचा गाभा.

दुसरी रेषा शिशाभोवती आहे. कॅलिफोर्नियाचा काँडोर हे प्रचंड गिधाड १९८२ मध्ये जगात अवघे २२ उरले होते. १९८७ मध्ये शेवटचा रानातला पक्षीही पकडून पिंजऱ्यात प्रजनन सुरू केले गेले. आज ते पाचशेच्या वर आहेत, पण रानात सोडलेल्या पक्ष्यांचे मोठे मारेकरी अजूनही शिसेच आहे. शिकारी आतडी रानात टाकून मांस घरी नेतो, त्या आतड्यांतले शिशाचे कण काँडोर गिळतो. डायक्लोफिनॅकमुळे आपली गिधाडे कशी गेली हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ही साखळी वेगळी समजावून सांगायला नको. मेलेल्या जनावरात माणसाने सोडलेली वस्तू तिथेही गिधाडाच्या पोटात गेली होती. कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये कायदा केला आणि १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या.

प्रश्न पक्ष्यांपुरता राहिला नाही. २००८ मध्ये नॉर्थ डकोटात गरिबांसाठी दान आलेल्या हरणाच्या खिम्याच्या पुड्यांची क्ष-किरणांनी तपासणी झाली. अनेक पुड्यांत धातूचे कण दिसले आणि राज्याने अन्नछत्रांना तो खिमा वाटू नका असे सांगितले. त्याच वर्षी मिनेसोटाच्या निसर्गसंपदा विभागाने मृत मेंढ्यांवर वेगवेगळ्या गोळ्या झाडून पाहिल्या. ठासणीच्या बंदुकीच्या जड, संथ गोळ्यांनी वेगवान रायफलीच्या फुटणाऱ्या गोळ्यांपेक्षा कमी कण सोडले. पण कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि लहान मुलांच्या बाबतीत शिशाचे सुरक्षित प्रमाण असे काही वैद्यक मानत नाही.

मग तांबे का नको? इथे दोन चांगले हेतू समोरासमोर येतात. तांब्याची घनता शिशाच्या सुमारे चार-पंचमांश. .४९० इंचाची गोल गोळी तांब्याची केली तर ती १४० ग्रेनच्या आसपास भरते आणि कोलोरॅडोच्या १७० ग्रेनच्या किमान वजनात बसत नाही. शिवाय तांबे कडक. ते शिशासारखे चपटे होत नाही, म्हणून त्याला पसरवायचे तर टोकाला पोकळी ठेवून लांबट गोळी घडवावी लागते. तशी गोळी आट्यांत धरायला साधारणपणे सॅबो लागतो, आणि तोच तिथे वर्ज्य आहे. जुने कौशल्य जपणारा कायदा शिशाकडे ढकलतो, गिधाड जपणारा कायदा सॅबोतल्या तांब्याकडे. बिस्मथ आणि कथलाच्या मिश्रणाच्या गोल गोळ्या हा मधला मार्ग आहे. पण त्या शिशाहून महाग, कडक आणि हलक्या, आणि घरच्या साच्यात शिसे ओतण्याचा आनंद त्यात नाही.

या दोन्ही कायद्यांमागे हेतू एकच आहे, मारण्याच्या अधिकाराला सीमा घालणे. एक अंतराला घालतो, दुसरा परिणामांना. दोन्ही कायदे केले त्यांना ते एकत्र बसवावे लागले नाहीत. ते एकत्र येतात हिवाळ्यातल्या पहाटे बंदूक भरणाऱ्या माणसाच्या तळहातावर. त्यातून निघणारी एक वाट शिसे ठेवून आतडी आणि जखमेभोवतीचे मांस खोल पुरण्याची आहे. दुसरी, जिथे सॅबो चालतो तिथे तांबे घ्यायचे आणि दोनशे यार्डांची गोळी हाती असूनही ऐंशी यार्डांपर्यंत चालत जायचे, अशी आहे. त्याने कोणतीही धरली तरी गज नळीत घालण्यापूर्वी हा हिशेब पुरा झालेला असावा लागतो. बार निघाल्यावर दुसरी गोळी ठासायला अर्धे मिनिट लागते, आणि पहिलीने काय केले ते धूर ओसरल्यावरच दिसते.